परसबागेत भुंग्यालाही जागा द्या

महोदय,

पोषण आहारासाठी शाळांतून परसबागा फुलू लागल्या, हे छानच. पण आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मुलं वांगी लावतात आणि खिडकीच्या लाकडी चौकटीत भुंग्याने घरट्यासाठी पाडलेली भोकं शिपाई पुट्टी भरून बुजवतो! वांगी-टोमॅटोच्या फुलात पराग नळीसारख्या पुंकेसरात कोंडलेला असतो. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फूल घट्ट धरून अंग थरथरवते, तेव्हा तो बारीक छिद्रातून झडतो. पेटीत पाळतात त्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही.

निवृत्त विज्ञान शिक्षिका म्हणून एक बिनखर्चाची गोष्ट सुचवते. एका टोकाला पेराने बंद असलेल्या बांबूच्या नळ्या मुलांनी भुंग्या-माश्यांच्या घरट्यांसाठी वळचणीला बांधाव्यात. कुंपणाशी तूर, कडेला सब्जा लावावा, कोथिंबिरीचा एखादा वाफा फुलू द्यावा. कोपऱ्यातली थोडी जमीन न खणता ठेवावी. कित्येक रानमाश्या मातीतच घर करतात. कोणत्या फुलावर कोण, किती वाजता आलं, एवढं सहावी-सातवीच्या मुलांनी वहीत टिपावं. गुलाबाच्या पानाचा कात्रीने कापल्यासारखा गोल तुकडा गेलेला दिसला की लगेच फवारा काढतात. ते पानं कापून घरटं करणाऱ्या माशीचं काम. झाडाचं त्यात फारसं बिघडत नाही.

आग्या मोहोळापासून मुलांना लांबच ठेवावं, यात वाद नाही. एकट्या राहणाऱ्या माश्या मात्र छेडल्याशिवाय सहसा डसत नाहीत.

जागतिक मधमाशी दिन २० मे रोजी, म्हणजे ऐन सुट्टीत येतो! त्यापेक्षा तूर फुलोऱ्यात येते तेव्हा हा उपक्रम घ्यावा. शिक्षण विभागाने परसबागेच्या सूचनांत तेवढी एक ओळ घालावी.

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी (जि. सोलापूर)