कन्याकुमारीला निघण्याआधी लादलेली सायकल दोन दिवस चालवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की पुणे, सातारा, कोल्हापूरकडून सायकलस्वारांचे गट कन्याकुमारीच्या दिशेने निघतात. त्यातल्या कित्येकांनी हे स्वप्न नोकरी-संसाराच्या धबडग्यात वर्षानुवर्षे जपलेले असते. अशा माणसाला अर्ध्या वाटेवरून सायकल टेम्पोत घालून परतावे लागू नये, या कळकळीने हे पत्र लिहीत आहोत. दम कमी पडला म्हणून परतणारे थोडे असतात. बहुतेकांना मागचे चाक, बसण्याच्या जागी झालेल्या जखमा किंवा चुकीची तारीख आडवी येते.

आधी तारखेचे. इकडे हवा कोरडी आणि वर्षाची रजा शिल्लक, म्हणून अनेक जण डिसेंबरात निघतात. पण तामिळनाडूचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. १ डिसेंबरला पुण्याहून निघालेला गट रोज १०० किलोमीटरने साधारण दहा दिवसांत तामिळनाडूच्या सीमेवरचे होसूर ओलांडतो आणि नेमका त्या पावसात शिरण्याची शक्यता असते. शिवाय केरळातल्या शबरीमला यात्रेचा हंगाम संक्रांतीपर्यंत चालतो. कन्याकुमारीचे लॉज भरलेले असतात आणि मदुराईच्या पुढे रात्रभर जागून यात्रेकरूंच्या गाड्या हाकणारे चालक पहाटे आपल्या पाठीमागे असतात. त्यालाच लागून पोंगलची गर्दी. तेव्हा तिळगूळ खाऊनच निघावे. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. विश्रांतीचे दोन दिवस धरले तर अठरा दिवसांची रजा पुरते आणि उन्हाळा अंगावर येण्याआधी पोहोचता येते.

आता मागचे चाक. शर्यतीच्या सायकलीचे २० किंवा २४ स्पोकचे चाक सामानासाठी नाहीच. ३२ किंवा ३६ स्पोकचे हवे. गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, दुसऱ्या बाजूचे त्यामानाने सैल. ताण कमी-जास्त असला की ओझ्याखाली स्पोक प्रत्येक फेऱ्याला ढिला-घट्ट होत राहतो आणि हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे तो वाकवलेला असतो, त्याच कोपऱ्यात तुटतो. एक तुटला की चाक आउट होऊन, म्हणजे डगमगत फिरून, ब्रेकला घासते, भार शेजारच्यांवर जातो आणि दोन दिवसांत तेही तुटू लागतात. नुसता आउट काढून भागत नाही. दोन्ही बाजूंचा ताण हाताने दाबून, वाजवून तपासणारा कारागीर गाठा. दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी बहुधा एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते. प्रत्येक बाजूचे तीन-तीन स्पोक निपलसह (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटासह) घेऊन फ्रेमला चिकटपट्टीने बांधा. गिअरच्या बाजूचा स्पोक तुटला तर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, काढल्याशिवाय नवा सहसा बसत नाही, म्हणून कॅसेटची चावी सोबत हवीच. ती वाटेतल्या साध्या सायकल दुकानात सहसा नसते. गिअर हँगरचेही, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्टीचेही, तसेच. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, सायकल त्या बाजूवर पडली की वाकतो आणि दुसऱ्या सायकलचा बसेलच असे नाही. एक जादा घ्या. कॅरिअरचे ५ मिलिमीटरचे बोल्ट खड्ड्यांनी ढिले होतात, ते रोज सकाळी तपासायचे आणि चार जादा ठेवायचे. एकूण सामान ८ ते १० किलोच्या वर जाऊ देऊ नका.

टायर ३२ किंवा ३५ मिलिमीटरचे असावेत. ३२ असेल तर मागे साधारण ७०-७५ पीएसआय आणि पुढे ६०-६५ हवा ठेवा. टायरवर लिहिलेली मर्यादा मात्र ओलांडू नका. महामार्गावरचे बरेच पंक्चर खिळ्याने होत नाहीत. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा कडेच्या पट्टीवर पडलेल्या असतात, त्यांनी होतात. तार टायरमध्ये रुतून बसते, बाहेरून दिसतही नाही. घाईने नवी ट्यूब घातली की अर्ध्या तासात तीही बसते. ट्यूबचे भोक सापडले की ती टायरशेजारी धरून नेमकी जागा काढा आणि टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकेल तिथे तार आहे. ती काढायला भुवयांचा चिमटा लागतो, नखाने निघत नाही. पॅच लावताना सोल्यूशन पाच मिनिटे पूर्ण सुकू द्या. ओल्यावर लावलेला पॅच उन्हात सुटतो. बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, नाहीतर वाटेतल्या कुठल्याही पंक्चरवाल्याचा पंप तुमच्या कामाचा नाही.

हे सगळे घरी अंगणात करून पाहणे पुरेसे नाही. पूर्ण सामान लादून सलग दोन दिवस सायकल चालवलीच पाहिजे. पुणेकरांसाठी खंबाटकी आणि पसरणी घाट चढून पाचगणीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत, हा रस्ता उत्तम. दुसरा दिवस महत्त्वाचा, कारण आदल्या दिवशी चोळले गेलेले कातडे तेव्हाच बोलू लागते. गादीच्या सायकल शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नाही, शॉर्ट रोज धुवायची, तीन जोड ठेवायचे. हाताची करंगळी बधिर होत असेल तर हँडल खाली आहे किंवा सीटचे टोक पुढे झुकले आहे. हे घरच्या मेकॅनिककडे दहा मिनिटांत सुटते, वाटेतल्या चित्रदुर्गला सुटत नाही. परतल्यावर चाकाचा ताण पुन्हा तपासून घ्या, कारण नव्याने बांधलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच बसतात. मोहिमा नेणाऱ्या गटांना आमची विनंती आहे की, हा सराव केल्याशिवाय कुणाचेही नाव यादीत घेऊ नका.

वाटेत एका ठिकाणी विशेष जपावे लागते. धर्मपुरी ओलांडून सेलमकडे उतरणारा थोप्पूर घाट अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. ब्रेक तापलेले ट्रक तुमच्या मागून येत असतात. उजेड झाल्यावरच उतरा, माथ्यावर थांबून ब्रेक पॅड पाहा, ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबा-सोडा करा. रिम तापली तर ट्यूब फुटू शकते.

परतीची व्यवस्था निघण्याआधीच ठरवा. कन्याकुमारी-पुणे एक्सप्रेस पुण्यातच संपते, त्यामुळे सायकल उतरवताना घाई होत नाही. पार्सल ऑफिसात दोन तास आधी पोहोचा आणि सायकल आपल्या तिकिटावर लगेज म्हणून, त्याच गाडीने जाईल अशी बुक करा. पार्सल म्हणून पाठवली तर ती मागाहून येऊ शकते. दिवे, मीटर, पंप काढून घ्या, गिअरवर पुठ्ठा बांधा, पेडल काढा. नाव, पत्ता आणि पावती क्रमांक लिहिलेली चिठ्ठी एक सीटला आणि एक फ्रेमला बांधा, कारण एक फाटतेच.

आपले,
दूरपल्ल्याच्या सायकली बांधणारे आणि चालवणारे काही जण, पुणे