औषधाच्या खिडकीवरच्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

आधी बातमी देते. बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पायांची सूज उतरली. चपला पुन्हा पायांत जातात. परवा ते एकटेच डिचोलीच्या बाजारात गेले आणि बांगडे घेऊन आले, तेही घासाघीस करून. रात्री सारखं उठणं थांबलंय, उठताना भिंत धरणंही थांबलंय.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, आरोग्य केंद्राचंही नाही. माझ्या जावेची उभी हयात सरकारी खात्यात गेली. ती म्हणते, कौतुकसुद्धा जाहीर झालं की कुणीतरी फाईल उघडतं. पण तुम्ही वाचाल तेव्हा ओळखाल, आणि तालुक्यातली निम्मी माणसं ओळखतीलच.

त्या दिवशी मी फक्त शुगरच्या गोळ्या न्यायला आले होते. रांग संपत आली होती. तुम्ही मेटफॉर्मिन मोजून दिलंत आणि सहज विचारलंत, बाबा आणखी काय काय घेतात? मी म्हटलं, प्रेशरची गोळी, आणि पाय सुजतात म्हणून पाण्याची गोळी. "प्रेशरची कुठली?" मला एवढंच ठाऊक, एक निळ्या डब्यातली आणि एक पांढऱ्या स्ट्रिपमधली. तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी सगळ्या गोळ्या घेऊन या, संपलेल्या स्ट्रिपसुद्धा, आणि बाबांनाही आणा. असं कुणी आजवर मागितलं नव्हतं. तपासायला आम्ही ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलो त्यांनी प्रत्येकाने नवी चिठ्ठी दिली, जुनी कुणी मागितली नाही.

मग तुम्ही ती पिशवी टेबलावर ओतलीत. मिठाईच्या दुकानाची पिशवी होती ती, म्हणून बाबांना उगाच लाज वाटत होती. तुम्ही ब्रँडच्या नावाकडे पाहिलंही नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक स्ट्रिपवरचं औषधाचं मूळ नाव वाचलंत आणि कागदावर एकाखाली एक लिहीत गेलात. निळ्या डब्यातली: टेल्मिसार्टन अधिक अॅम्लोडिपिन. पांढऱ्या स्ट्रिपमधली: अॅम्लोडिपिन. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, दोन ब्रँड, आणि पोटात जाणारं औषध तेच, दुप्पट. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्या गोळीचा पत्ता नव्हता.

पाय सुजणं हा अॅम्लोडिपिनचा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि मात्रा वाढली की तो वाढतो, हे मला तुमच्याकडून कळलं. म्हणजे गोळीने सूज आली, सुजेसाठी पाण्याची गोळी आली, पाण्याच्या गोळीने लघवी वाढून रात्रीची झोप गेली आणि उठताना चक्कर येऊ लागली. चक्करेवर आणखी एक गोळी सुरू करायचं शहरातल्या एका दवाखान्यात बोलणंही झालं होतं.

तुमची एक गोष्ट मला फार आवडली. "ही बंद करा" असं तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही तो कागद घेऊन स्वतः आमच्याबरोबर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खोलीत आलात. बाबा वाटेत पुटपुटत होते, "बाय, डॉक्टर रागावतील गो." डॉक्टरांनी बाबांना निजवून प्रेशर मोजलं, उभं करून परत मोजलं, मूत्रपिंडाची रक्ततपासणी लिहून दिली. जादाची अॅम्लोडिपिन बंद झाली, आणि काही आठवड्यांनी पाण्याची गोळीही.

एवढ्यासाठी जाहीर पत्र कशाला, असं बाबाच विचारताहेत. तर ऐका. तुम्ही केलंत ते एका घरापुरतं होतं, पण ज्यामुळे ते करावं लागलं ते घरोघरी आहे. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, शक्यतो मोठ्या अक्षरांत, लिहावं असा आचारसंहितेतला नियम 2016 सालच्या दुरुस्तीपासून आहे. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो नव्या नियमावलीत अधिक कडक करून आणला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात ती नियमावली स्थगित झाली. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. सगळ्या कंपन्यांच्या मालाच्या दर्जाची खात्री कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. पण त्या भांडणात पेशंटच्या हातात चिठ्ठी राहते ती ब्रँडचीच. आणि चिठ्ठीवर ब्रँड असला तर फार्मसीवाल्याला तेच औषध दुसऱ्या, स्वस्त कंपनीचं देता येत नाही. औषध नियमांतच तशी बंदी आहे. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. तोवर मी आमच्या फार्मसीवाल्या काकांनाच मनातल्या मनात लुटारू ठरवलं होतं.

किमतीचंही तुम्हीच उलगडून सांगितलंत, खिडकीवर कुणी नव्हतं म्हणून. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत 384 औषधं आहेत आणि 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते. टेल्मिसार्टन त्या यादीत आहे, अॅम्लोडिपिनही आहे. दोन्ही एका गोळीत घातली की ती गोळी यादीबाहेर जाते. यादीबाहेरच्या औषधाचा भाव वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. जोडगोळ्या वाईटच असतात असं तुम्ही म्हणाला नाहीत, विसरभोळ्या म्हाताऱ्यांना एकच गोळी सोयीची पडते. पण बाबांना आता दोन वेगळ्या गोळ्या परवडतात, कारण दोन्ही तुमच्या खिडकीवर फुकट मिळतात.

हा "फुकट" शब्द बाबांच्या घशाखाली उतरत नव्हता. फुकटचं औषध म्हणजे कमी ताकदीचं, ही त्यांची ठाम समजूत, आणि वाड्यावर ती सगळ्यांचीच. तुम्ही भाषण दिलं नाहीत. स्ट्रिपवरचा बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि "विक्रीसाठी नाही" हा शिक्का दाखवलात आणि म्हणालात, पैसे तुम्ही आधीच भरलेत, कर भरताना. बाबा हिशेबाचे पक्के. ते त्यांना पटलं.

केंद्र सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या आराखड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी 172 आणि उपकेंद्रासाठी 105 औषधांची यादी आहे. किती जणांना हे ठाऊक असेल? गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही विमा योजना मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे. 2016 पासून ती चालू आहे. गोव्यात किमान पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबाला, तीन माणसांपर्यंत अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं कवच. आमचंही कार्ड आहे, बाबांच्या कपाटात दागिन्यांशेजारी ठेवलेलं. चांगली योजना आहे, शेजारच्या घरी तिचा उपयोग झालेला मी पाहिलाय. पण ते कवच इस्पितळातल्या ठरावीक उपचारांना आहे. रोजच्या प्रेशरच्या गोळीला ते कार्ड उपयोगाचं नाही. त्या गोळीला तुमची खिडकी. ती गोळी नीट चालू राहिली तर कार्ड बाहेर काढायची वेळ लांबते, एवढं साधं गणित आहे. तरी फोटो निघतात ते कार्डांचे. हृदयविकाराच्या झटक्यासाठी आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी तज्ज्ञांपर्यंत पोहोचवून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायची सोय गोव्यात झाली, तिची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. महिन्याच्या गोळ्या मोजून देणाऱ्या माणसाची बातमी होत नाही.

माझं माहेर महाराष्ट्रातल्या दोडामार्गचं, म्हणून मला हे जरा जास्तच टोचतं. आमच्या घरापासून माहेर तासाभरावर, पण मध्ये राज्याची हद्द. लहानपणापासून आमच्याकडे आजारपण म्हणजे "बांबोळीला न्या". जानेवारी 2018 पासून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं, दोडामार्गात माणसं रस्त्यावर बसली, आणि पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून मार्ग काढावा लागला. माझा भाऊ आणि मी एका ताटात जेवून वाढलो, पण आजारी पडलो तर आमची कागदपत्रं वेगळी. गोव्याच्या तिजोरीवरचा भार मला कळतो. तरी माहेरचं माणूस इथे आलं की आधी आधार कार्ड बघावं लागतं, हे काही गोड लागत नाही. उलट माहेरी आशाताई दारात येतात, गोव्यात ती योजनाच नाही. इथे सिस्टर येतात, पण लसीकरणापासून डेंगीच्या डासांपर्यंत सगळंच त्यांच्या गळ्यात. घरातल्या म्हाताऱ्याच्या गोळ्यांची पिशवी उलटी करून बघणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसावं. तुम्ही ते केलंत.

सगळं गोडगोड लिहिलं तर तुम्हालाच हसू येईल. पावसाळ्यात एकदा मेटफॉर्मिन संपलं होतं. "उद्या बघा" असं म्हणून तुम्ही मला हेलपाटे घालायला लावले नाहीत. आलेलं नाही, मागणी पाठवली आहे, कधी येईल ते माझ्या हातात नाही, असं सरळ सांगितलंत. डॉक्टरांकडून मूळ नावाची चिठ्ठी लिहून आणवलीत, म्हणजे जनऔषधी केंद्रात किंवा फार्मसीत स्वस्तातलं मागता येईल. तेवढ्या चिठ्ठीनेही खर्च बराच उतरला. साठा का संपतो, हे विचारायला हवं ते वर, तुमच्या खिडकीवर नव्हे. त्या दिवशी रांगेत एक गृहस्थ तुमच्यावर आवाज चढवून बोलले, आणि आम्ही बाकीचे सगळे गप्प उभे होतो.

तुम्ही लिहिलेला तो कागद आता घरातल्या फ्रीजवर आहे. मी त्याची प्रत काढून बाबांच्या केस पेपरला टाचली आहे. आता कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की आधी तो कागद पुढे करतो. एका डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण वाचला.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही आमचा नमस्कार सांगा. औषध देणाऱ्या बाईने आणलेली शंका त्यांनी खुर्चीवर सरळ बसून ऐकली, आपला मान कुठे आडवा येऊ दिला नाही. रक्ताचा अहवाल घेऊन बाबा येत्या आठवड्यात त्यांना भेटायला येतील. बाबा एकटेच येणार म्हणताहेत, तेव्हा अहवालाबरोबर गोळ्याही आणल्यात का, एवढं विचाराल का?

तुमची,
डिचोली तालुक्यातली एक सून