४०४ म्हणजे ‘नाही’ असं नसतं

प्रिय मित्रा,

तुझ्या पाइपलाइनचा, म्हणजे कोड तपासून पॅकेज आपोआप चढवणाऱ्या पायऱ्यांचा, लॉग पाहिला. बिल्ड हिरवा, टेस्ट हिरव्या आणि शेवटच्या पायरीवर एनपीएम पब्लिशला, म्हणजे जावास्क्रिप्टचं पॅकेज एनपीएमच्या रजिस्ट्रीवर (पॅकेजांच्या भांडारावर) चढवताना, ४०४ (‘सापडलं नाही’). पॅकेजचं नाव तीनदा तपासलंस म्हणतोस, पण घोळ नावात नसणार. पब्लिश करताना ४०४ आला की बहुतेक वेळा टोकनची (पासवर्डऐवजी वापरायच्या किल्लीची) मुदत संपलेली असते, नाहीतर त्या स्कोपमध्ये (पॅकेजच्या नावाआधीच्या @ गटात) लिहिण्याचा हक्कच नसतो. खाजगी पॅकेज अस्तित्वात आहे हेही परक्याला कळू नये, म्हणून रजिस्ट्री ‘परवानगी नाही’ न म्हणता ‘सापडलं नाही’ म्हणते.

तेव्हा आधी पाइपलाइनच्या हातात टोकन पडतंय का ते बघ. पब्लिशच्या वर ‘एनपीएम हूॲमआय’ (‘मी कोण?’) ही एक ओळ टाक. (ट्रस्टेड पब्लिशिंग, म्हणजे साठवलेल्या टोकनऐवजी पाइपलाइनचीच ओळख पटवून पब्लिश करणं, वापरत असशील तर तिचा उपयोग नाही, तिथे ओळख ऐन पब्लिशच्या क्षणीच पटवली जाते.) नाव छापलं गेलं, तर टोकन चालतंय, हक्क कमी आहेत. लॉगिन मागितलं, तर सीक्रेटची, म्हणजे पाइपलाइनच्या सेटिंगमध्ये लपवून ठेवलेल्या टोकनची, लांबी छाप. सीक्रेट नव्हे, फक्त लांबी! शून्य आली तर ते पोचलेलंच नाही: गिटलॅबवर ते ठेवलेलं व्हेरिएबल ‘प्रोटेक्टेड’ असतं आणि टॅग (आवृत्तीची खूण) तसा नसतो, गिटहबवर फोर्कमधून (रेपोच्या दुसऱ्याकडच्या प्रतीतून) आलेल्या पुल रिक्वेस्टला (बदल घेण्याच्या विनंतीला) सीक्रेट मिळत नाही. एकच अक्षर जास्त भरलं तर पेस्ट करताना शेवटी नवी ओळ चिकटलीय. लांबी बरोबर असूनही लॉगिन मागत असेल, तर टोकनची मुदत संपलीय, नाहीतर गिटहबच्या सेटअप-नोड (नोड बसवणाऱ्या) पायरीत रजिस्ट्री-यूआरएल लिहायचं राहिलंय. रजिस्ट्री-यूआरएल नसलं की एनपीएमआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये टोकनची ओळ पडत नाही, आणि एन्व्हायर्नमेंटमधलं टोकन कोणी वाचतच नाही.

४०२ आला तर घाबरू नकोस. स्कोप असलेलं नवं पॅकेज मुळात खाजगी धरलं जातं, म्हणून पैसे मागतात. ॲक्सेस पब्लिक असं सांगितलं की झालं.

४०३ (‘मनाई’) मात्र नीट वाच. त्याच आवृत्तीवर पुन्हा पब्लिश करता येत नाही, अनपब्लिश केलं तरी तो क्रमांक कायमचा जळतो. यात रिट्रायचा (आपोआप पुन्हा प्रयत्न करण्याचा) एक सापळा आहे. पहिल्या प्रयत्नात फाइल पोचते, उत्तर यायच्या आत टाइमआउट होतो, दुसरा प्रयत्न ४०३ खातो आणि जॉब लाल. आवृत्ती मात्र बाहेर पडलेली असते! म्हणून आंधळा रिट्राय लावू नकोस. आधी ‘एनपीएम व्ह्यू’ने ती आवृत्ती तिथे आहे का बघ, असली तर तिचा इंटिग्रिटी हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) आपल्या टारबॉलशी (पॅकेजच्या गठ्ठा-फाइलशी) ताडून पुढे जा.

पायथॉनच्या पॅकेजलाही हेच. पायपीआयवर, म्हणजे पायथॉनच्या रजिस्ट्रीवर, फाइल पुसली तरी त्या नावाची फाइल पुन्हा चढत नाही. तिथला स्किप-एक्झिस्टिंग (‘आधीच असलेली फाइल सोडून दे’) हा पर्याय सोयीचा आहे, पण मला तो कायम चालू ठेवणं पटत नाही. आवृत्ती वाढवायची राहिली तरी जॉब हिरवाच दिसतो.

पायथॉनच्या पॅकेजला ४०० (‘विनंती चुकीची’) वेगळ्या कारणाने येईल. गिटहबवर कोड उतरवून घेणारं चेकआउट एरवी फक्त शेवटची कमिट आणतं, टॅग आणत नाही. मग टॅगवरून आवृत्ती ठरवणारं सेटअपटूल्स-एससीएम ‘०.१.डेव्ह१’च्या पुढे अधिकचं चिन्ह आणि कमिटचा हॅश लावून आवृत्ती बनवतं, आणि अधिकचं चिन्ह असलेली आवृत्ती पायपीआय घेत नाही. चेकआउटमध्ये फेच-डेप्थ ० कर, म्हणजे सगळा इतिहास आणि टॅग येतील.

तिथे ट्रस्टेड पब्लिशिंग लावताना ‘इनव्हॅलिड पब्लिशर’ आलं, तर रेपोचा मालक, रेपो, वर्कफ्लोच्या (गिटहबवरच्या पाइपलाइनच्या) फाइलचं नाव आणि एन्व्हायर्नमेंट हे चारही पायपीआयवर आणि गिटहबवर सारखे आहेत का बघ. ओळख पटवणाऱ्या आयडी-टोकनला वर्कफ्लोच्या परमिशन्समध्ये राइट द्यावं लागतंच, पण तिथे एक ओळ लिहिली की न लिहिलेल्या सगळ्या बंद होतात. रेपो खाजगी असेल तर चेकआउटच अडेल, म्हणून कंटेंट्स रीडही लिही.

आणि टॅग पडूनही पब्लिशचा वर्कफ्लो सुरूच झाला नाही, लॉगच नाही, तर टॅग कोणी ढकलला ते बघ. गिटहबच्या स्वतःच्या जॉब-टोकनने ढकललेल्या टॅगमुळे दुसरा वर्कफ्लो चालू होत नाही. पब्लिशचा जॉब त्याच वर्कफ्लोत घे, किंवा टॅग गिटहब ॲपच्या टोकनने ढकल.

ड्राय-रन (प्रत्यक्ष न चढवता केलेली तालीम) चालला म्हणून निर्धास्त राहू नकोस, त्यात फक्त टारबॉलमधल्या फाइली दिसतात, हक्क तपासले जात नाहीत. हूॲमआयचं उत्तर आणि लांबीचा आकडा आज पाठव.

तुझा मित्र