खाली हॉटेल, वर बिऱ्हाडे

महोदय,

नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा परिसरात खाली गाळे आणि वर सदनिका अशा इमारती उभ्या राहत आहेत. घराखाली दुकान असणे सोयीचेच. पण गाळ्यात हॉटेल आले की नियोजनातली चूक उघडी पडते. धुराड्यासाठी गच्चीच्या वर जाणारी स्वतंत्र शाफ्ट (उभी पोकळ वाट) बांधकामातच सोडावी लागते. ती नसली की पत्र्याचा पाइप पहिल्या मजल्याच्या खिडकीशी संपतो आणि धूर थेट घरात शिरतो. भांडी धुतलेल्या पाण्यातले तेल चेंबरमध्ये थिजते, वाहिनी तुंबते, सांडपाणी खालच्या सदनिकांच्या न्हाणीघरात उलटते. म्हणून गाळ्याच्या मोरीलगत तेल अडवणारी टाकी हवी आणि ती वरचेवर उपसायलाही हवी.

बुकिंगपूर्वी मंजूर नकाशा पाहावा: गाळ्यांचे व रहिवाशांचे वाहनतळ, जिने, पाण्याच्या टाक्या वेगळ्या आहेत का? ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मागावेच. ताब्यानंतर ५ वर्षांत रचनात्मक दोष दाखवून दिल्यास रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४ नुसार विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. शाफ्ट व तेल अडवणारी टाकी नकाशात नसेल, तर महापालिकेने हॉटेलच्या गाळ्याला मंजुरीच देऊ नये.

— एक स्थापत्य अभियंता, नाशिक