गिट रेपोतल्या लाइन एंडिंगबद्दल (ओळ संपल्याची न दिसणारी खूण), सगळ्यांनी वाचा

मंडळी, रेपोच्या रूटला डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल (कुठल्या फाइलला कुठलं लाइन एंडिंग ते गिटला सांगणारी) टाकलीये, त्यामुळे टेक्स्ट फाइली आता एलएफनेच (लिनक्सचं लाइन एंडिंग; विंडोजचं सीआरएलएफ, त्यात एलएफच्या आधी सीआर असतो) कमिट होणार, तुमच्या मशीनवर ऑटोसीआरएलएफ (लाइन एंडिंग आपोआप बदलायची गिटची सेटिंग) काहीही असो. बॅट फाइली (विंडोजच्या स्क्रिप्ट) चेकआउटला सीआरएलएफ, शेल स्क्रिप्ट मात्र कायम एलएफ, कारण तिथे सीआर घुसला की लिनक्सवर पहिल्याच ओळीला 'बॅड इंटरप्रिटर' येतं आणि एडिटरमध्ये बघावं तर सगळं ठीकठाक दिसतं.

जुनी ब्रँच असेल तर आधी आपलं काम कमिट करा, मग मेन ब्रँच मर्ज करताना एक्स रीनॉर्मलाइज ऑप्शन (दोन्हीकडची लाइन एंडिंग आधी सारखी करणारा) द्या, नाहीतर फुकटचे कॉन्फ्लिक्ट येतील. लाइन एंडिंगचा कमिट प्लीज वेगळा ठेवा, त्यात दुसरा एकही बदल नको, कारण लाइन एंडिंग बदललं की प्रत्येक ओळ बदललेली दिसते, आणि डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी झाली की रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल सापडतच नाही.