संगणकाच्या इतिहासातील टेलिफोनवाले

संपादक महोदय,

स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील संगणकाच्या इतिहासावरचा लेख वाचला. लेखाची सांगता १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने घडवलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकाने केली, हे पुणेकर म्हणून आवडले. तथापि त्यातील दोन विधाने दुरुस्त व्हावीत, अशी विनंती आहे. मी उभी हयात टेलिफोन केंद्रात रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच) दुरुस्त करण्यात घालवली असल्यामुळे माझे माप थोडे टेलिफोनवाल्यांच्या पदरात झुकेल, ते समजून घ्यावे.

पहिले विधान पतंगाचे, म्हणजे दिव्यावर झेपावणाऱ्या किड्याचे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांना यंत्रात पतंग सापडला आणि त्यावरून यंत्रातील दोषाला ‘बग’ (इंग्रजीत किडा) हा शब्द रूढ झाला, असे लेखात म्हटले आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ यंत्रातील एका रिलेत पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, इतके खरे. मात्र तो हॉपरबाईंनी शोधलेला नव्हता. पुढे त्या ही गोष्ट रंगवून सांगत, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली. शिवाय, किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची ती नोंद आहे. शब्द आधीपासून तोंडात असल्याखेरीज हा विनोद कोणाला सुचणार नाही. एडिसन यांनी तर १८७८ सालीच एका पत्रात तो वापरला आहे. रिलेच्या दोन टोकांमधली फट इतकी बारीक असते की, जूनमध्ये दिव्याभोवती पावसाळी किडे जमले की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तक्रारी वाढत. पातळ पट्टी फिरवून टोकांमधून निघालेला पंख बोटावर घ्यायचा, शेजाऱ्याला दाखवायचा आणि फुंकून टाकायचा. वहीत चिकटवण्याचे आम्हाला कधी सुचले नाही!

दुसरे विधान ‘कोलोसस’चे. युद्धकाळात जर्मन संदेश उलगडण्यासाठी इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे वापरलेल्या या गणनयंत्राचे श्रेय लेखात गणिती ॲलन ट्युरिंग यांना दिले आहे. ट्युरिंग यांची थोरवी निर्विवाद आहे, परंतु हे यंत्र रचले ते टॉमी फ्लॉवर्स या टेलिफोन अभियंत्याने. (तिकडेही पूर्वी आपल्यासारखाच टेलिफोन टपाल खात्याकडे असे.) सुमारे १६०० व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या) असलेले यंत्र टिकणारच नाही, व्हॉल्व्ह पटापट उडतील, असे भल्याभल्यांचे मत होते. व्हॉल्व्ह उडतात ते मुख्यतः चालू-बंद करण्याने, सतत चालू ठेवले तर ते दीर्घकाळ टिकतात, हे टेलिफोनच्या कामातून फ्लॉवर्स यांना ठाऊक होते. १९४४ च्या आरंभी यंत्र कामाला लागले. युद्धानंतर त्यांना आपल्या हाताने कागदपत्रे जाळावी लागली आणि १९७० च्या दशकापर्यंत हे सारे गुपितच राहिले.

जॉर्ज स्टिबिट्झ आणि रसेल ओल यांची नावे तर लेखात नाहीतच. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील स्टिबिट्झ यांनी १९३७ साली दोन टाकाऊ रिले, टॉर्चचे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर जोडून द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) अंकांची बेरीज करणारे खेळणे तयार केले. स्वयंपाकघराला इंग्रजीत किचन म्हणतात, म्हणून त्याचे नाव ‘मॉडेल के’ पडले. त्याच प्रयोगशाळेतील ओल यांच्याकडे १९४० साली सिलिकॉनचा एक तडकलेला तुकडा होता. उजेड पडताच त्यातून अनपेक्षित वीज वाहू लागली, आणि तड्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या अशुद्धी साचल्याचे पुढे उमगले. आजच्या डायोड-ट्रान्झिस्टरांना ज्या सांध्याची गरज असते, तो असा सदोष तुकड्यातून हाती आला. दुसऱ्या कोणी तो तुकडा केराच्या टोपलीत टाकला असता; निदान मी तरी टाकला असता.

जाता जाता एक सूचना. ‘परम’विषयी पुन्हा लिहाल तेव्हा त्याचे बोर्ड जोडणाऱ्या, तारा ओढणाऱ्या आणि रात्रपाळीत दोष शोधणाऱ्या तंत्रज्ञांनाही गाठावे. त्यांपैकी बरेच जण आता निवृत्त झाले असतील आणि अजून पुण्यातच राहत असतील. आपण पुरवणीत आवाहन छापल्यास ते स्वतःहूनही पत्र पाठवतील.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ,
सदाशिव पेठ, पुणे