उमरा ‘ऐच्छिक’ कुणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला उमऱ्यावरचा, म्हणजे मक्केच्या यात्रेवरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे. एहराम (यात्रेचा वेश आणि बंधनं), तवाफ (काबाभोवतीचे फेरे), सई (सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्या), शेवटी केस कापणं हा क्रमही बरोबर दिला आहे, त्याबद्दल आभार. पण ‘उमरा ही हजची छोटी आवृत्ती असून ती ऐच्छिक असते’ हे वाक्य कोकण आवृत्तीत छापण्याआधी आमच्याकडच्या एखाद्या मशिदीत फोन तरी करायचा होता.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे, म्हणजे त्या धर्मशास्त्रीय परंपरेचे. हनफी मसलकात उमरा सुन्नत आहे, म्हणजे पुण्याचा पण सक्तीचा नाही, त्यामुळे घाटावरच्या बहुतेक मुसलमानांना तुमचं वाक्य खटकणार नाही. शाफई मसलकात मात्र ऐपत आणि ताकद असेल, तर आयुष्यात एकदा उमरा करणं फर्ज (सक्तीचं कर्तव्य) आहे, हजसारखंच. सूरह बकराच्या १९६व्या आयतीत ‘हज आणि उमरा अल्लाहसाठी पूर्ण करा’ असा दोन्हींचा हुकूम एकत्र येतो. आमचे उलेमा त्याचाच आधार देतात.

शब्दाचा कीस काढते आहे असं वाटेल. म्हणून माझ्या आईचं सांगते.

आई तेव्हा ७१ वर्षांची होती. दोन्ही गुडघे गेलेले. तवाफचे सात फेरे तिने माझा हात धरून पुरे केले, दोन रकात नमाज पढली, जमजम प्याली आणि हट्टाने सईसुद्धा पायीच सुरू केली. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत हाजरा बीबी सफा आणि मरवाच्या मधे धावल्या, मग मी खुर्चीत बसून कशी जाऊ, असं तिचं म्हणणं. आता तिथे फरशी आहे, छत आहे, थंडगार हवा आहे, तरी सात फेऱ्यांचं अंतर ३ किलोमीटरच्या आसपास भरतं. तिसरी फेरी मरवावर संपली आणि ती खाली बसली ती उठेचना. ग्रुपबरोबर आलेले मौलाना म्हणाले, ‘उमरा फर्ज थोडाच आहे? एक दम देऊन टाका, केस कापा आणि आराम करा.’ माणूस वाईट नव्हता, त्यांच्या मसलकाप्रमाणे बकऱ्याची कुर्बानी देऊन ती चूक भरून निघते. पण शाफईंमध्ये सई हा उमऱ्याचा रुक्न आहे, म्हणजे ज्याशिवाय उमरा होतच नाही असा भाग. ती राहिली तर दम देऊन भागत नाही, माणूस एहराममधून बाहेरच येत नाही.

मला हे तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. मीच आईला म्हटलं, मौलाना सांगतायत ना, काप केस. तिने कात्री लावू दिली नाही. ‘सात म्हणजे सात,’ एवढंच म्हणाली. हॉटेलवर येऊन मी गावच्या मशिदीतल्या खतीबसाहेबांना फोन लावला, तेव्हा खरं कळलं. आई रात्रभर एहराममध्येच राहिली. सुगंधी साबण नको, कंगवा नको, एक केस तुटेल म्हणून डोकं उशीवर टेकवतानाही जपत होती. पहाटे व्हीलचेअर घेतली, मरवापासून उरलेल्या चार फेऱ्या पुऱ्या केल्या आणि मग तिने केसांची बट पुढे केली. मी ती कापली तेव्हा आम्ही दोघी रडलो. तुमच्यासारखंच वाक्य ऐकून किती जण अर्धवट उमरा घेऊन गावी परतत असतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

‘छोटी हज’ म्हणण्यानेही घोळच होतो. उमऱ्यात हजसारखा अराफातचा मुक्काम नाही, मुजदलिफाचा नाही, जमरातच्या खांबांना खडे मारणं नाही. उमरा करून कुणी हाजी होत नाही. रमजानमधल्या उमऱ्याचं सवाब (पुण्य) हजइतकं सांगितलं आहे, पण त्याने फर्ज हज उतरत नाही. आणि लेखासोबत फोटो कुठला, तर मिनाच्या पांढऱ्या तंबूंचा! ते तंबू हजच्या दिवसांतले. उमऱ्याला गेलेल्या माणसाचा तिथे मुक्काम नसतो.

जाता जाता अजून एक. त्याच पानावर खाली उमरा पॅकेजच्या तीन जाहिराती होत्या, तिन्हींत हॉटेल ‘हरमपासून’, म्हणजे काबाच्या मशिदीपासून, ‘पाच मिनिटांवर’. आम्हालाही हेच सांगितलं होतं. प्रत्यक्षात आईला घेऊन पंचवीस मिनिटं लागायची आणि बस फक्त दोन नमाजांना. हज कमिटीकडे फक्त हज असते, उमरा बहुतेक खासगी टूरवाल्यांच्या हातात. म्हातारी माणसं आयुष्याची पुंजी त्यांच्या हवाली करतात. जाहिरात घेताना हॉटेलचं नाव आणि मीटरमधलं अंतर छापण्याची अट तुम्ही घालू शकता.

दुरुस्ती छापाल तर कोकण आवृत्तीत छापा, आणि ‘शाफई’ हा शब्द त्यात असू द्या.

आपली,
एक वाचक, दापोली